नऊ मिलिग्रॅम साखर

लिफ्ट बंद होती. नेमकी आजच!

चिंगीच्या दोन्ही हातांत एक चपटा प्लास्टिकचा ट्रे होता. त्यात चोवीस खळ्या, आणि प्रत्येक खळीच्या झाकणाला आतून लटकलेला एकेक थेंब. त्यातल्या तीन थेंबांत स्फटिक वाढले होते, मिठाच्या कणापेक्षाही बारीक. जरा धक्का लागला की कारभार आटोपला. स्फटिक वाढवायची थंड खोली तळमजल्यावर आणि ते बघायचा सूक्ष्मदर्शक चौथ्या मजल्यावर, अशी सोय ज्या कोणा शहाण्याने केली होती त्याचा मनातल्या मनात उद्धार करत ती एकेक पायरी चढत होती. काठोकाठ भरलेलं पातेलं हातात असावं तशी.

दुसऱ्या मजल्यावर चष्मा घसरायला लागला.

तिने नाक मुरडून पाहिलं, मान मागे टाकून पाहिली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला. पुढची पायरी दिसेना.

तेवढ्यात वरून कोणीतरी उतरत आलं. उंच, धूसर, निळ्या शर्टातलं.

"अहो—"

"मी?"

"जिन्यात आणखी कोणी आहे का? माझा चष्मा जरा वर करा ना. हात मोकळे नाहीत."

निळा शर्ट थबकला. त्याने बोट शर्टाला पुसलं आणि अनोळखी घराची बेल दाबावी तसं, अगदी अदबीने, चष्म्याच्या मधल्या दांडीला टेकवलं.

"झालं?"

"अजून थोडा."

"आता?"

"आता दिसताय तुम्ही." ती म्हणाली, आणि मग जीभ चावली.

तो हसला. हसताना त्याचा एकच गाल हसायचा, डावा. उजवा आपला गंभीर.

"काय आहे यात?"

"तीन वर्षं."

"वजनाला फारच हलकी दिसतात."

"पडली की कळतं वजन."

तो वळला आणि तिच्यापुढे चालू लागला, उलटा, पाठीने दारं ढकलत. चौथ्या मजल्यापर्यंत चार दारं त्याने अशी उघडली. शेवटचं दार पायाने धरून ठेवलं.

"तुम्ही तर खाली चालला होतात!"

"हो. आता जातो की. जिना काही कुठे पळून जात नाही."

तो गेला. नाव विचारायचं राहिलंच. आणि सूक्ष्मदर्शकाखाली ट्रे ठेवल्यावर स्फटिकांवर नजर स्थिर व्हायला तिला त्या दिवशी… जरा वेळच लागला.

*

चिंगी हे खरं तर घरातलं नाव. पण एकदा तिच्या ताईने प्रयोगशाळेच्या फोनवर "चिंगे!" अशी हाक मारली, ती अख्ख्या मजल्याने ऐकली, आणि तेव्हापासून इथेही तेच नाव रूढ झालं. तिच्या मार्गदर्शक मॅडमसुद्धा रागावल्या नसतील तेव्हा चिंगीच म्हणत.

ताईला दोन महिन्यांपूर्वी बाळ झालं होतं. फाईल चुकीची आणून दिल्यासारख्या आठ्या सतत त्याच्या कपाळावर असायच्या, म्हणून घरात सगळे त्याला 'साहेब' म्हणत. आपण नक्की काय काम करतो हे ताईला समजावून सांगायची चिंगीला पहिली खरी संधी साहेबांमुळेच मिळाली.

"आईच्या दुधात काही साखरा अशा असतात, ताई, ज्या बाळाला पचतच नाहीत."

"मग कशाला असतात?" साहेबांना खांद्यावर थोपटत ताईने विचारलं.

"त्या त्याच्यासाठी नाहीतच मुळी. त्याच्या पोटातल्या जिवाणूंसाठी आहेत. चांगले जिवाणू. ते ती साखर खाऊन वाढतात आणि वाईटांना पाय ठेवायला जागा उरत नाही."

"म्हणजे मी साहेबांना पाजतेय आणि त्यांच्या पोटातल्या भाडेकरूंनाही?"

"हो."

"मला कोणी विचारलं होतं का?"

दोघी इतक्या हसल्या की साहेबांनी आठ्या आणखी गडद केल्या.

या भाडेकरूंपैकी एका जिवाणूच्या अंगावर, बाहेरच्या बाजूला, एक प्रथिन असतं. साखर पकडणारं. त्याला दोन पाळ्या आणि मध्ये बिजागरी. पाळ्या उघड्या असताना ते आजूबाजूच्या गर्दीतून जे येईल ते चाचपत राहतं. हवी ती साखर मधल्या फटीत आली की पाळ्या मिटतात. मग ते जिवाणूच्या दाराशी जातं, पुन्हा उघडतं आणि साखर आत सोडून देतं. इतकंच त्याचं काम. पण ते नीट झालं नाही तर जिवाणू उपाशी, आणि बाळाचं पोट वाऱ्यावर.

या प्रथिनाचं रूप बघायचं म्हणून चिंगीने तीन वर्षं त्याचे स्फटिक वाढवले. स्फटिकावर क्ष-किरण सोडले की आतल्या रेणूची ठेवण काढता येते. रूप दिसलंही, पण एकच. आ वासलेलं! मिटलेलं ते कधी सापडलंच नाही. त्याला नेमकी कोणती साखर लागते याचं उत्तर मात्र वहीत तयार होतं. आधीच्या एका विद्यार्थ्याने मोजून ठेवलं होतं: लॅक्टोज, म्हणजे दुधातली नेहमीची साखर. तो शिकून कधीच निघून गेला होता. मॅडमचा लेख त्याच आकड्यावर उभा होता आणि महिन्याभरात छापायला जायचा होता.

"फक्त एकदा पुन्हा मोजून आण," मॅडम म्हणाल्या. "तळमजल्यावर उष्णता मोजायचं मशीन आहे. तिथल्या साखरवाल्याकडून वेळ घे."

साखरवाल्याच्या दारावर तिने टकटक केली, तेव्हा दार उघडलं ते डाव्या गालाने हसणाऱ्या माणसाने.

"चष्मा ठीक आहे ना आता?"

"तुम्ही साखरवाले?"

"साखर विकत नाही, बनवतो. म्हणजे जी निसर्गात फार थोडी मिळते ती. आठ-आठ महिने लागतात चिमूटभराला." त्याने खुर्ची पुढे केली. "आणि तुम्ही चौथा मजला."

"मला नाव आहे."

"माहीत आहे. तुमच्या ताईंचा आवाज तळमजल्यापर्यंत येतो."

मशीन साधंच होतं. एका भांड्यात प्रथिन, वर सुईत साखर. सुईतून थेंब पडतो, साखर प्रथिनाला चिकटली तर इवलीशी ऊब निर्माण होते आणि पडद्यावरची रेघ उसळी मारते. असे पंचवीस थेंब. दोन तास.

त्या दोन तासांत दोघांनी तीन कप चहा प्यायला, म्हणजे तिने दोन आणि त्याने एक. ती बोलत राहिली, तो ऐकत राहिला आणि मधूनच असं काहीतरी म्हणत राहिला की तिला चहा गिळता येऊ नये. बाहेर पाऊस भुरभुरत होता. खिडकीच्या काचेवर थेंब, मशीनमध्ये थेंब…

पडद्यावरची रेघ मात्र सरळच होती.

"पुन्हा करून बघू," तो म्हणाला. त्या दिवशी पुन्हा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या वेळी तो तिच्याकडे न बघता बोलला, "लॅक्टोज चिकटत नाहीये. अजिबात नाही."

"तुमचं मशीन बिघडलंय."

"आज सकाळीच तपासलं."

"मग तुमचा हात."

"हाताचं सांगता येत नाही. पण तीनदा तसाच चुकेल असं वाटत नाही."

"तुम्हाला काय जातंय म्हणायला!" तिचा आवाज चढला. "महिन्यात लेख जायचाय. माझी तीन वर्षं आहेत त्यात, कळतंय का?"

हसरा गालही आता गंभीर होता.

"मी तुम्हाला आवडेल ते सांगू शकतो, नाहीतर दिसलं ते. दोन्ही एकदम जमलं असतं ना… तर मला फार बरं वाटलं असतं."

तिने आपल्या नळ्या गोळा केल्या आणि दार आपटून निघून आली. दाराला वर ते आपोआप हळू मिटवणारी दांडी होती, त्यामुळे ते आपटलंच नाही, हळूच मिटलं. तिला आणखीनच राग आला.

*

अकरा दिवस ती तळमजल्यावर गेली नाही. ट्रे आणायला मैत्रिणीला पाठवायची.

"इतका आखडू माणूस मी पाहिला नाही," ती ताईला सांगत होती. साहेबांचे धुतलेले लंगोट घड्या घालताना तिचे हात तणतणत होते. "शांतपणे बोलतो, त्याचाच जास्त राग येतो. वर तो निळा शर्ट. आणि हसतो तेव्हा एकच गाल—"

"डावा," ताई म्हणाली.

"तुला कसं माहीत?"

"तिसऱ्यांदा सांगतेयस." ताईने तिच्या हातातला लंगोट काढून घेतला, कारण त्याची घडी एव्हाना चौथ्यांदा चालली होती. "न आवडणाऱ्या माणसाचा शर्ट आणि गाल कोणी इतका ध्यानात ठेवत नाही, चिंगे. आणि त्याचं म्हणणं खरं निघालं तर?"

ते 'तर' चिंगीच्या डोक्यात अडकलं. दुसऱ्या दिवशी तिने कपाटातून जुनी वही काढली. आधीच्या विद्यार्थ्याचं अक्षर सुरेख होतं. पान उलटता उलटता तिला एक ओळ दिसली. त्याने प्रथिन एका द्रावणात ठेवलं होतं आणि साखर साध्या पाण्यात विरघळवली होती. दोन वेगवेगळी पाणी एकमेकांत मिसळली की थोडी ऊब होतेच, साखर चिकटो न चिकटो. त्याने मोजली होती ती हीच ऊब. मुद्दाम नव्हे, बिचाऱ्याच्या लक्षातच आलं नव्हतं. आणि नंतर कोणी बघितलंच नव्हतं. तिनेही नाही.

वही घेऊन ती मॅडमसमोर उभी राहिली. मॅडमनी पान वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं.

"लेख थांबवते," त्या म्हणाल्या.

"मॅडम, मी…"

"रडू नकोस. आपली चूक आपणच पकडली, हे चांगलं झालं. छापून आल्यावर दुसऱ्याने पकडली असती तर मी रडले असते." आणि मग वहीवर बोट ठेवून, "हे तुला दाखवलं कोणी?"

"तळमजल्याने."

"मग इथे काय करतेयस? जा, विचार त्याला, लॅक्टोज नाही तर काय."

चिंगी खाली गेली. दार उघडंच होतं. तो पाठमोरा, काचेच्या उभ्या नळीतून थेंब थेंब गळणारं काहीतरी बघत होता.

"मी मशीनची माफी मागायला आलेय," ती दारातून म्हणाली.

तो वळला नाही. पण त्याचे कान लाल झाले. "मशीन म्हणालं, चौथा मजला आला नाही तर मीच वर जातो. त्याला जिने चढता येत नाहीत म्हणून राहिलं."

"अकरा दिवस…"

"बारा. आजचा धरून."

तो मोजत होता तर! तिने घाईघाईने कामाचं विचारलं. लॅक्टोज नाही, तर मग काय?

त्याने फ्रीज उघडला आणि बोटाच्या पेराएवढी एक कुपी काढली. तळाशी पांढरी पूड, नसल्यासारखी.

"लॅक्टोजसारखीच आहे, दोन कड्या जोडून झालेली. पण दुसरी कडी वेगळी आहे आणि जोड वेगळ्या कोपऱ्यावर आहे. आईच्या दुधातल्या त्या न पचणाऱ्या साखरांमध्ये हा तुकडा सापडतो. तो जोड मला दीड महिना जमत नव्हता." कुपी त्याने तिच्या तळहातावर ठेवली. "नऊ मिलिग्रॅम. तुमच्या प्रोटीनला विचारून बघा, आवडते का."

"आठ महिन्यांची साखर मला देताय?"

"तुम्ही तीन वर्षं घेऊन जिना चढत होतात. त्यामानाने…" वाक्य त्याने अर्धंच सोडलं.

*

पहिला प्रयोग तिने स्फटिकावरच केला. चांगला वाढलेला एक स्फटिक, त्याच्या थेंबात साखरेच्या पाण्याचा एक कण. सूक्ष्मदर्शकाला दोघांना एकदम बघता येईल अशा डोळे लावायच्या दोन जोड्या होत्या, पण त्यांच्यात जागा जेमतेम एका माणसापुरतीच होती. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला. कोणी हटलं नाही.

स्फटिक निवांत बसला होता. हिऱ्यासारख्या कडा, आत लख्ख उजेड.

एक मिनिट. दोन मिनिटं.

मग त्याच्या अंगावर केसासारखी रेघ उमटली. दुसरी. आणि बघता बघता तो तडकला, चुरा होऊन थेंबभर पसरला.

"अरे देवा," तो मागे सरकला. चेहरा पांढराफटक. "माझ्या साखरेने… मी… तुमचा सगळ्यात चांगला होता ना तो?"

चिंगी उठून उभी राहिली होती. दोन्ही हात तोंडावर.

"रडू नका, प्लीज. आपण दुसरा—"

"मिटलं!" ती ओरडली. "अहो, मिटलं ते! कळतंय का तुम्हाला?"

त्याला कळत नव्हतं, हे उघड होतं. तिने दोन्ही मनगटं एकमेकांना जोडली आणि तळवे उघडे धरले. "हे प्रोटीन. उघडं. अशी लाखो उघडी प्रोटीनं एकावर एक नीट रचली की स्फटिक होतो. आता साखर टाका."

"कुठे?"

"इथे हो! बोट ठेवा."

त्याने दोन तळव्यांच्या मधोमध बोट ठेवलं. तिने तळवे मिटले.

"बघा. एकाने असं केलं तर शेजारच्याला धक्का लागतो. सगळ्यांनी एकदम केलं तर भिंतच कोसळते. लॅक्टोज कितीही ओतलं तरी आजवर एकही तडकला नव्हता. तुमची साखर त्याने ओळखली, म्हणून तडकला!"

बोलून झालं. तळवे अजून मिटलेलेच होते.

"बोट सोडतेस का?" तो हळूच म्हणाला.

'सोडतेस.' तिने ऐकलं. 'सोडता' नाही.

"बिजागरी अडकलीये," ती म्हणाली. "तुला घाई आहे?"

"मला? नाही. अजिबात नाही."

मॅडमच्या चपलांचा आवाज जवळ आला तेव्हा कुठे बिजागरी सुटली.

*

मशीननेही कौल दिला. या वेळी पहिल्याच थेंबाला रेघेने अशी उसळी मारली की दोघं एकदमच "हां!" म्हणाले. आता उरलं होतं मिटलेलं रूप पकडायचं. तडकलेल्या स्फटिकातून काही दिसणार नव्हतं. प्रथिनात आधीच साखर घालून, मिटलेल्या प्रथिनाचे नवे स्फटिक पहिल्यापासून वाढवायला हवे होते. चिंगीने ट्रे लावले, एकामागून एक. थेंब कोरडे पडले, ढगाळले, एकात बुरशी आली. कुपीतली पूड संपत आली. कुपी त्याच्याच फ्रीजमध्ये असायची; ती मागायची, तो द्यायचा. संध्याकाळी सहाला दोघं इमारतीच्या मागच्या पायऱ्यांवर चहा पीत बसायचे आणि त्या दिवसाचं अपयश एकमेकांना असं रंगवून सांगायचे की शेवटी हसून हसून पुरेवाट व्हायची.

मग एक दिवस त्याच्या खोलीत गेली तर तो नव्हता. त्याच्या शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "सरांकडे गेलाय. मुदत वाढवून मागायला."

"कसली मुदत?"

"प्रबंधाची. ती साखर त्याच्या शेवटच्या प्रकरणासाठी होती ना? संपली म्हणे. पुन्हा बनवायची म्हणजे चार-पाच महिने तरी." मुलीने मान वर केली. "तुला माहीत नव्हतं?"

तो परत आला तेव्हा ती त्याच्या स्टुलावर बसली होती. पाठ ताठ.

"मला का नाही सांगितलंस?"

त्याला लगेच कळलं. "सांगितलं असतं तर घेतली नसतीस."

"नसतीच घेतली!"

"म्हणूनच नाही सांगितलं."

"हे मला आवडलं नाही," ती म्हणाली, आणि तिचा आवाज या वेळी चढला नाही, उलट खाली गेला. "मशीनचं खरं तोंडावर सांगितलंस, तेव्हा मला राग आला, पण मी तुझ्यावर विश्वास ठेवायला शिकले. आता माझ्या भल्यासाठी म्हणून तूच लपवायला लागलास, तर मी काय करू?"

तो खाली मान घालून एका नळीचं बूच लावत, काढत राहिला.

"चुकलं," तो शेवटी म्हणाला. "मला वाटलं, मोठं मन दाखवतोय. खरं तर… तू खाली येणं बंद होईल याची भीती वाटत होती. साखर संपली की तुला कारण उरणार नाही असं वाटलं."

"वेडा आहेस."

"असेन."

"उद्यापासून पाच वाजता माझं काम आटोपून खाली येणार आहे. तुझी साखर पुन्हा बनवायला. मला काय काय धुवावं लागेल ते सांगून ठेव."

तिने खरंच खूप धुतलं. काचेची चार भांडी फोडली, एकदा सगळा अर्क बेसिनमध्ये ओतता ओतता राहिली, आणि साखर गाळून वेगळी करायच्या काचेच्या उभ्या नळीत गाळणीची पूड कशी भरायची ते शिकली. तो तिला 'रसायनशास्त्राला लागलेलं संकट' म्हणायचा. पण चार-पाच महिन्यांचं काम तीन महिन्यांत झालं. पुन्हा पूड आली, या वेळी अकरा मिलिग्रॅम. त्याचं प्रकरण पुरं झालं. आणि मधल्या काळात, बाविसाव्या ट्रेच्या एका कोपऱ्यातल्या थेंबात, सुईसारखे बारीक, लांबट स्फटिक उगवले. आधीच्या स्फटिकांसारखे ते अजिबात दिसत नव्हते.

*

त्या सुयांवर क्ष-किरण सोडून मिळालेल्या ठशांवरून रेणूची ठेवण काढायचं गणित पुरं झालं तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. चिंगीने त्याला फोन केला. "ये. पळत ये." तो खरंच पळत आला. लिफ्ट चालू होती, तरी.

पडद्यावर निळ्या जाळीत प्रथिन तरंगत होतं. दोन पाळ्या, या वेळी मिटलेल्या, आणि त्यांच्या मधोमध जाळीचा एक वेगळा, एकटा तुकडा. चिंगीने त्याच्या साखरेची आकृती उचलली आणि त्यात ठेवली. दोन कड्या चपखल बसल्या. एक कडी प्रथिनातल्या एका चपट्या कडीला पाठ टेकून निवांत, आणि चहूबाजूंनी छोटे छोटे धागे तिला धरून.

तिने वळून पाहिलं. त्याचे डोळे भरले होते.

"काय झालं?"

"मी ही कधी पाहिलीच नव्हती," तो म्हणाला. "आठ महिने बनवली, मग तीन महिने. दरवेळी हातात काय? पांढरी पूड. मिठासारखी. मनात चित्र असायचं, पण… हा बघ. हाच तो जोड." त्याने पडद्याला बोट लावलं. "दीड महिना जमत नव्हता तो. किती नीट दिसतोय."

तिने त्याचा हात पडद्यावरून काढून आपल्या हातात घेतला. या वेळी काही समजावून सांगायला नाही.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. गेले कित्येक दिवस तिने छान छान वाक्यं जुळवून ठेवली होती. आता त्यातलं एकही आठवेना. "मला कारण नाही लागत रे. खाली यायला. साखर असो, नसो… मला तू रोज हवा आहेस."

त्याचा डावा गाल हसला. मग, तिने पहिल्यांदाच पाहिलं, उजवाही.

"मला बोलायला एक दिवस दे," तो म्हणाला. "मी हळू चालणारं मशीन आहे."

"दिला. एकच."

*

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ती त्याला ताईकडे घेऊन गेली. पाऊस नुकताच थांबला होता, पागोळ्या अजून गळत होत्या. ताईने दार उघडलं, त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, निळा शर्ट पाहून चिंगीकडे भुवई उडवली, आणि कसलीही प्रस्तावना न करता साहेबांना त्याच्या हातात दिलं.

"जरा धरा. दूध उतू जाईल माझं."

साहेब आता आठ महिन्यांचे झाले होते आणि अनोळखी माणसाला बघून भोकाड पसरायच्या वयात होते. त्यांनी आठ्या घातल्या. त्याच्या शर्टाची कॉलर पकडली, तोंडात घालून पाहिली. मग कसला निर्णय झाला कोण जाणे, पण त्यांनी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि पाच मिनिटांत ते चक्क झोपले.

"हलू नका हं!" स्वयंपाकघराच्या दारातून ताई कुजबुजली. "सकाळपासून झोपलेला नाहीये. उठला तर तुमची खैर नाही." आणि ती आत गेली.

तो खोलीच्या मधोमध उभा होता, खांब झाल्यासारखा. चिंगी समोर, हसू दाबत.

"माझा एक दिवस संपत आलाय," तो श्वासाच्या आवाजात म्हणाला.

"आत्ता बोलणार आहेस? असा?"

"आता जमतंय, तर बोलून टाकतो." साहेबांनी उसासा सोडला. तो थांबला, मग आणखी हळू बोलला, इतकं की तिला जवळ सरकावं लागलं. "मी फार बोलत नाही. चुकलो तर कबूल करतो. लपवणार नाही, पुन्हा कधीच. सकाळचा चहा मी करेन, चांगला करतो. लग्न करशील माझ्याशी?"

पागोळ्यांचा आवाज तेवढा येत होता. तिच्या चष्म्याच्या काचेवर वाफ धरली होती. दुधाची असेल कदाचित.

"हो," ती कुजबुजली.

"ऐकू नाही आलं!" स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला. तोच, तळमजल्यापर्यंत पोचणारा.

"हो म्हटलं ना!" चिंगी ओरडली.

साहेब दचकून जागे झाले. एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघून त्यांनी जो टाहो फोडला, तो शेजारच्या तीन घरांत ऐकू गेला. ताई हसत बाहेर आली, हात पुसत. पण त्याने साहेबांना तिच्याकडे दिलं नाही. खांद्यावर थोपटत, खोलीभर येरझाऱ्या घालत, तो स्वतःशीच हसत राहिला, दोन्ही गालांनी.